पावसाचा हिशेब व गावाचा कारभार

(इयत्ता चौथी व पाचवी, परिसर अभ्यास. डोंगरपायथ्याच्या शाळांकरिता पाठ)

मळवली स्टेशनावर उतरून भाज्यावरून चढण चढू लागले म्हणजे गायमुख खिंडीत उजव्या हातास लोहगड व डाव्या हातास विसापूर असे दोन कडे उभे राहतात. लोहगडवाडी या गडाच्या पायथ्याशीच वसलेली आहे. ज्येष्ठात ढग उतरले की भाद्रपद सरेपर्यंत येथे डोंगराचा माथा क्वचितच दिसतो. अशा वाडीत म्हाताऱ्या माणसास विचारावे, तर तो निःशंकपणे सांगतो की, पूर्वीचा पाऊस आता राहिला नाही. पूर्वी झड लागे, आठ-आठ दिवस संथ पाऊस चाले. आता पंधरा दिवस ओढ धरतो आणि मग एका रात्रीत बांध फोडून जातो. हे सांगणे बहुधा खरे असते. तथापि, पूर्वी म्हणजे केव्हा, आणि फरक पडला तो किती, असे पुढे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण गावाने ते कोठे लिहून ठेवलेले नसते. प्रस्तुत पाठ या उणिवेवर आहे. हवामानबदलाला ग्रामपंचायतीने तोंड द्यावयाचे ते कसे, या मोठ्या प्रश्नाचा आरंभ शाळेच्या अंगणातील एका डब्यापासून होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना व त्यांच्याद्वारे ग्रामस्थांना दाखवून देणे हा पाठाचा हेतू होय.

शिक्षकांच्या माहितीकरिता

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने व जंगले तुटल्याने हवेतील कर्बद्विप्राणील वायू, म्हणजे पाठ्यपुस्तकातील कार्बन डायऑक्साइड, वाढत आहे. तो सूर्याची उष्णता अडवून ठेवतो. हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ साली या वायूची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. आपल्याकडील ग्रामपंचायतींचा अधिनियमही १९५८ चाच आहे. शिक्षकांनी हा योगायोग वर्गात अवश्य सांगावा. एका माणसाने रोज मोजण्याचा व लिहिण्याचा नेम धरला, पुढे इतरांनी तो मोडू दिला नाही, म्हणून आज जगास ही गोष्ट निश्चितपणे ठाऊक आहे.

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्रही तापत आहे. त्यामुळे ढगांत पाणी अधिक साठते व पडते तेव्हा एकदम पडते. पुण्यात पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तेथील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर अतिवृष्टी होण्याचे प्रसंग तिपटीने वाढले. वर्षाचा एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. म्हाताऱ्या माणसाच्या सांगण्याशी हा निष्कर्ष किती जुळतो हे शिक्षकांच्या ध्यानी येईलच.

हवामान खात्याची परिभाषाही शिक्षकांना अवगत असावी. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार. त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार. आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस तो एका दिवसाचा पाऊस मानण्याची रीत आहे.

यावर कोणी शंका घेईल की, सरकारचे मोजमाप असताना शाळेने वेगळे कशास मोजावे? सह्याद्रीचा माथा व पुणे शहर यांत अंतर साठ-पासष्ट किलोमीटरांचे. परंतु लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणारा पाऊस पुण्यास पोचेपर्यंत सातशेच्या घरात येतो. इतक्या उतरत्या प्रदेशात महसूल मंडळाच्या ठिकाणी असलेल्या एका यंत्राचा आकडा मंडळातील प्रत्येक वाडीस लागू पडेल, असे मानता येत नाही. डोंगराच्या एका अंगास पूर आणि दुसऱ्या अंगास ऊन, हा अनुभव मावळातील प्रत्येक शिक्षकाने शाळेच्या वाटेवर घेतलेला असतो.

पाठाचा आरंभ

पाठ पावसाळ्यातच घ्यावा. आदल्या रात्री चांगला पाऊस झालेला असावा.

शिक्षक : काल रात्री पाऊस किती पडला?
मुले : लई पडला, गुरुजी.
शिक्षक : परवापेक्षा जास्त की कमी?
(येथे मतभेद होतो. कोणी जास्त म्हणतो, कोणी कमी.)
शिक्षक : मग खरे कोणाचे, हे कसे ठरवायचे?

कोणी ओढ्याचे पाणी कोणत्या दगडापर्यंत चढले ते सांगेल. कोणी अंगणातली बादली भरली म्हणून सांगेल. दोन्ही उत्तरे चांगली आहेत, त्यांना नापसंती दर्शवू नये. बादलीवाल्या मुलास मात्र पुढे विचारावे की, बादलीचे तोंड रुंद व बूड अरुंद असेल तर तीत साचलेल्या पाण्याची उंची पावसाइतकीच भरेल काय? मुले थोडा विचार करून ‘नाही’ म्हणतात, आणि सरळ भिंतीचे भांडे हवे हे त्यांच्याच तोंडून निघते. हा धडा त्यांच्याच तोंडून निघू द्यावा; घाई करू नये.

डब्याचा पर्जन्यमापक

पंधरा किलोचा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा गावात सहज मिळतो. त्याच्या भिंती सरळ असतात व उंची पुरेशी असते. पुस्तकातून दाखविलेली कापलेली प्लॅस्टिकची बाटली पठारावरील शाळेस ठीक आहे. घाटमाथ्यावर ती जुलैतल्या एखाद्याच रात्री भरून वाहू लागते आणि नेमका महत्त्वाचा दिवस हातचा जातो.

डब्याचे वरचे झाकण पूर्ण कापून कडा ठोकून बोथट कराव्यात. हे काम मुलांकडे देऊ नये. डबा मोकळ्या जागी, शाळेची भिंत वा झाड यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, दगड रचून घट्ट बसवावा. वाऱ्याने तो उलटता कामा नये, तसेच जमिनीवरील शिंतोडे आत उडता कामा नयेत. रोज सकाळी साडेआठ वाजता स्वच्छ पट्टी बुडापर्यंत सरळ बुडवून पाण्याची उंची मिलिमीटरांत वाचावी, लिहावी व डबा रिकामा करून पुन्हा ठेवावा.

पाऊस थोडा असेल तर पट्टीने नीट कळत नाही. अशा वेळी गणिताचा उपयोग होतो. डब्याच्या तोंडाची लांबी-रुंदी मुलांकडून मोजवून घ्यावी. ती २३ सेंटिमीटर भरली असे समजू. क्षेत्रफळ ५२९ चौरस सेंटिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे सेंटिमीटरचा दहावा भाग. म्हणून डब्यात ५३ मिलिलिटर पाणी साचले की १ मिलिमीटर पाऊस झाला. औषधाच्या मापाने पाणी मोजून भागाकार केला की झाले. पाचवीच्या मुलांना क्षेत्रफळ शिकविण्यास याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

नोंदवहीत चारच रकाने असावेत : तारीख, पाऊस, मोजणाऱ्याचे नाव, शेरा. शिक्षकांवर नोंदवह्यांचा भार आधीच पुष्कळ आहे. त्यात ही आणखी एक, असा कंटाळा येऊ नये म्हणून ही वही पूर्णतः मुलांची ठेवावी आणि शिक्षकाने आठवड्यातून एकदा पाहून सही करावी. रविवारी व सुटीत मोजण्याची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे द्यावी. एखादे दिवशी मोजणे राहून गेले तर रकाना कोरा ठेवावा. अंदाजाने भरलेल्या आकड्याने सगळ्या वहीवरील विश्वास जातो, हे मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेले बरे.

वाडीच्या पाण्याचा हिशेब

सह्याद्रीच्या माथ्यावरील अनेक वाड्यांवर चार महिने धो धो पाऊस पडतो आणि चैत्र-वैशाखात बायका हंडा घेऊन झऱ्याशी बसतात. मुलांना ही विसंगती रोजची असल्याने तिचे नवल वाटत नाही. नवल वाटावे यासाठी पुढील हिशेब फळ्यावर मांडावा. आकडे उदाहरणादाखल आहेत. शिक्षकांनी ते आपल्या वाडीच्या खऱ्या आकड्यांनी बदलावेत.

समजा, वाडीत माणसे २०० व गुरे ६०. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटरांचे आहे. गुरास ४० लिटर धरू. माणसांना ११,००० व गुरांना २,४०० मिळून रोजचे १३,४०० लिटर. वर्षाचे ४८,९१,००० लिटर. आकडा मोठा दिसतो. आता एक हेक्टर जमीन घ्यावी. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे ४९० मिलिमीटर पावसात, एकाच हेक्टरावर, साऱ्या वाडीचे वर्षाचे पाणी पडून गेले! लोणावळ्याच्या बाजूस एकट्या जुलै महिन्यात याहून अधिक पाऊस पडतो.

येथे क्षणभर थांबावे. मग वर्गाला विचारावे : ‘ते पाणी गेले कोठे?’

पवना व इंद्रायणी ही नावे मुले आपण होऊन घेतील. पुढचा प्रश्न असा की, वाडीस खरी टंचाई किती दिवसांची? १ फेब्रुवारीपासून १० जूनपर्यंत धरल्यास १३० दिवस. त्या दिवसांची गरज १७,४२,००० लिटर. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा टाक्यात ३ लाख लिटर पाणी मावते. तेव्हा अशी सहा टाकी, किंवा झऱ्याच्या वरच्या अंगास तितके पाणी जमिनीत मुरविणारी व्यवस्था, एवढाच हा प्रश्न आहे. ६० चौरस मीटरांच्या शाळेच्या छपरावरही १०० मिलिमीटर पावसात ६,००० लिटर पाणी पडते.

टाके म्हटल्यावर मुलांची नजर आपोआप गडाकडे जाईल. कामशेतजवळच्या पाले येथील डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. लेणे करविणाऱ्याने त्यात लेण्याबरोबर ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाकेही करविल्याची नोंद केली आहे. भाज्याच्या लेण्यांत अशी टाकी आहेत. लोहगडावर ती आहेतच, शिवाय पेशवाईत नाना फडणविसांनी बांधविलेले मोठे तळेही आहे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत लोहगड आहे. गड पाहण्यास येणाऱ्यांची दाटी वाढली, तशी पाण्याची गरज व ओढ्या-नाल्यांत अडकणारा कचराही वाढणार. हा कचरा केवळ डोळ्यांना सलतो असे नाही. गटाराच्या तोंडाशी चार पिशव्या अडकल्या की अतिवृष्टीचे पाणी वाट सोडून घरांकडे वळते. हिशेबात तोही धरावा.

पावसाचा असा हिशेब ठेवून कारभार करणारे गाव महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाऊस चारशे मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. १९८९ साली पोपटराव पवार यांच्याकडे गावाची धुरा आली. त्यानंतर तेथे बांधबंदिस्ती, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी झाली. पुढे गावाने आणखी पाऊल टाकले. दरवर्षी पावसाळा संपला की पडलेला पाऊस व विहिरींचे पाणी मोजावयाचे, ग्रामसभेत मांडावयाचे आणि त्यावरून कोणते पीक किती घ्यावयाचे हे ठरवावयाचे. शेतीसाठी बोअर घेण्यास व ऊस-केळीसारख्या पिकांस तेथे मनाई आहे. पाणी मोजले गेल्याने ते कोणाचे किती याविषयी भांडण करण्यास आधार उरला नाही. लोहगडवाडीच्या बाजूस पाऊस तेथल्या कितीतरी पट. गरज मात्र त्याच शिस्तीची आहे.

डोंगराकडे लक्ष

पाठाचा हा भाग नाजूक आहे. मुलांच्या मनात भय घालणे इष्ट नाही; परंतु डोंगराखाली राहणाऱ्या मुलापासून ही गोष्ट लपविणे त्याहून अनिष्ट होय.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे दगावली. ही वार्ता बाहेर नेली ती एस.टी.च्या एका चालकाने. नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन आला तो त्यास गावच दिसेना. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीची तीच गत झाली. तीही गडाच्या पायथ्याचीच वाडी. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसांचा शोध लागला नाही. दरडप्रवण म्हणून शासनाच्या यादीत ज्या गावांची नावे होती, त्यांत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

या शेवटच्या वाक्यावर ग्रामपंचायतीने विचार करणे अगत्याचे आहे. यादी वरून येते, ती तज्ज्ञ करतात आणि ती उपयोगी असते. पण आपले नाव तीत नाही म्हणून निश्चिंत राहणे धोक्याचे. डोंगर रोज पाहणारे लोक वाडीतच राहतात. काय पाहावे हे मात्र त्यांना ठाऊक असले पाहिजे. उतारावर नव्याने पडलेली व रुंदावत जाणारी भेग. सरळ असलेली झाडे व विजेचे खांब कलणे. घराच्या भिंतीस तडे जाणे किंवा दारे एकाएकी चौकटीत अडकू लागणे. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, नव्या जागी पाझर फुटणे, वा भर पावसात वाहता झरा आटणे. दोन-तीन दिवसांच्या अति जोरदार पावसानंतर यांतील एखादे चिन्ह दिसले, तर रात्र पडण्याची वाट न पाहता उताराखालची घरे रिकामी करावयाची. किती पावसाला घर सोडावे, याचा एकच आकडा सर्व डोंगरांना लागू पडत नाही. म्हणूनच मुलांच्या वहीतील आकडे व ही चिन्हे एकत्र पाहावी लागतात.

मुलांना घेऊन उताराची पाहणी करावयाची ती उन्हाळ्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, पालकांपैकी दोघा-तिघांना बरोबर घेऊन. पावसात मुलांना उतारावर किंवा ओढ्याशी नेऊ नये. पाहणीत वाडीचा हातनकाशा काढावा : घरे, झरे, ओढे, जुन्या भेगा, अलीकडे यंत्राने तोडलेला उतार, आणि रात्री निघावे लागल्यास जावयाची वाट व जागा. मुलांनी काढलेल्या अशा नकाशात वडीलमंडळी स्वतःहून दुरुस्त्या सांगू लागतात, आणि खरी माहिती तेव्हाच बाहेर येते.

याच पाहणीत वणव्याच्या खुणा दिसतील. फाल्गुन-चैत्रात पेटलेला डोंगर जूनच्या पहिल्या सरीस उघडा सापडतो व माती धुपून ओढ्यात येते. कारवीचे दाट जाळे, बांबू व गवत यांनी उतार धरून ठेवला जातो. पावसाळा संपताच जाळरेषा काढणे हे काम स्वस्त आहे आणि त्याचा उपयोग त्याच वर्षी दिसतो.

ग्रामसभेपुढे

ग्रामसभेच्या बैठका वर्षातून किमान चार व्हाव्यात असा नियम आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवावयाच्या एकोणतीस विषयांची सूची घटनेस जोडली. पिण्याचे पाणी, मृदसंधारण, लघुपाटबंधारे, सामाजिक वनीकरण, अपारंपरिक ऊर्जा हे विषय तीत आहेत. तेव्हा हवामानबदल हे पंचायतीच्या अधिकाराबाहेरचे प्रकरण आहे, असे म्हणण्यास जागा नाही. गावाच्या विकास आराखड्यात ही कामे बसतात. ‘माझी वसुंधरा’ हे राज्याचे अभियानही २०२० सालापासून याच दिशेने चालले आहे.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीने घरोघरी सूर्याची वीज आणली व २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून नाव मिळविले. वाडी लहान असली तर काम अडते, हा समज त्याने दूर व्हावा. लोहगडवाडीच्या बाजूस मात्र पावसाळ्याचे चार महिने ढगांचे असल्याने तेथे सौरदिव्यांच्या आधी पाणी व उतार यांकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल. प्रत्येक गावाने आपली निकड ओळखावी. दुसऱ्या गावाचे बक्षीस पाहून आपले काम ठरवू नये.

वृक्षारोपणाविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. पुष्कळ ठिकाणी हवामानबदलाचे उत्तर म्हणून जुलैत एक दिवस रोपे लावली जातात, छायाचित्र निघते आणि मार्गशीर्षात तेथे काठ्या उरतात. त्यातही सड्याच्या उघड्या कातळावर खड्डे खणून रोपे लावणे निरर्थक होय. तेथे पावसाळ्यात येणारे गवत व रानफुले हेच तेथले धन आहे. झऱ्याच्या वरच्या अंगास, बांधांवर व ओढ्याच्या काठी लावलेली पन्नास झाडे तीन उन्हाळे जगविली, तर ती पाचशे रोपांहून अधिक मोलाची. भातखाचरांच्या बांधावर गिरिपुष्प लावल्यास चारसूत्री पद्धतीप्रमाणे त्याचा पाला खाचरात गाडता येतो आणि बांधही धरला जातो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी भात ज्या खाचरांत पिकतो, ती खाचरे बांधांवरच उभी आहेत.

शाळेने ग्रामसभेपुढे भाषण करू नये. १५ ऑगस्टच्या सभेत पाचवीच्या एका मुलीने उभे राहून जून-जुलैचा पाऊस वाचून दाखवावा : एकूण किती, सर्वांत मोठा दिवस कोणता, सलग कोरडे दिवस किती. २ ऑक्टोबरला हंगामाचा एकूण आकडा व पाण्याचा हिशेब, २६ जानेवारीला झऱ्यांची स्थिती, आणि १ मेच्या सभेत उताराचा नकाशा मांडावा. एक हंडा भरण्यास किती मिनिटे लागली हे दर पंधरवड्यास मोजले की झऱ्याची स्थिती कळते. पहिल्या वर्षी कौतुक होईल व विषय संपेल. दुसऱ्या वर्षी कोणीतरी विचारील की, गेल्या साली याच सुमारास हंडा किती मिनिटांत भरत होता? तेव्हा वही उघडून उत्तर द्यावे आणि तो आकडा इतिवृत्तात लिहून घेण्याची विनंती ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, करावी. एकदा इतिवृत्तात आलेला आकडा पुढच्या ठरावाचा आधार होतो. टाके कोठे खोदावयाचे, कोणता उतार यंत्राने तोडू द्यावयाचा नाही, लाल इशारा आल्यावर शाळेच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहील, हे ठराव त्यावर करता येतात.

किल्लीचा ठराव आधी करून घ्यावा. त्यास पैसा लागत नाही.

नोंदवहीची एक प्रत दरवर्षी ३१ मे रोजी ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्यावी व मूळ वही शाळेत राहावी. शिक्षकांच्या बदल्या होतात. वहीची बदली होता कामा नये. कार्यभार सोपविण्याच्या यादीत तिचा स्वतंत्र उल्लेख करावा, आणि जाणाऱ्या व येणाऱ्या शिक्षकांनी त्या दिवशीचे सकाळी साडेआठचे माप मुलांसमवेत मिळून घेऊन, त्याखाली दोघांनी सह्या कराव्यात.